बुरुजाच्या घराची वही

१

"बाई, या घरात आजवर किती माणसं मेली?"

प्रश्न माझा नव्हता. लंबूटांग आणि चष्मिष या माझ्या दोन मैत्रिणींनी मधल्या सुट्टीत पैज लावली होती की बुरुजाच्या घरात जायचं आणि थेट मालकिणीला हे विचारायचं. मागच्या वर्षीची मी असते तर दप्तराआड तोंड लपवलं असतं. पण या सत्रात मी वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले, आणि तेव्हापासून माझ्या तोंडाला झाकण म्हणून राहिलेलं नाही. बाबा मला टकळी म्हणतात.

बुरुजाचं घर आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. कोपऱ्यावर गोल बुरूज, त्यावर टोपीसारखं छप्पर, दारावरच्या दगडात कोरलेलं १८९९. रस्ता सांगताना लोक म्हणतात, बुरुजाच्या घरावरून डावीकडे. बसचा थांबाही त्याच नावाचा. बाबा जुन्या लाकडाचे सुतार आहेत, आणि गेले सहा आठवडे त्या घराच्या खिडक्या दुरुस्त करत होते. शाळा सुटली की मी तिथेच जाऊन बसायचे.

मालकीण म्हणजे भूगोलाच्या बाई. वय शहात्तर. अर्ध्या गावाला त्यांनी नकाशात समुद्र रंगवायला शिकवलंय, त्यामुळे त्यांना सगळेच बाई म्हणतात. त्या दिवशी, सोमवारी दुपारी, त्या दिवाणखान्यात बसून माझ्यासाठी ब्रेडला लोणी लावत होत्या, चमच्याच्या पाठीने.

"सुरी कुठे गेली?" मी विचारलं.

"वाकली. जुनं झालं की वाकतं. माझ्याकडे बघ."

आणि मग मी तो पैजेचा प्रश्न टाकला.

बाई रागावल्या नाहीत. चमचा चाटून बशीत ठेवला आणि म्हणाल्या, "एकही नाही. मरायला सगळे बाहेर गेले. आजोबा दवाखान्यात, माझे वडील प्रवासात. राहायला तेवढे इथे थांबले. बहुतेक मीच पहिली असेन."

त्यांनी हे इतक्या थकलेल्या आवाजात सांगितलं की माझा घास तोंडातच राहिला. विषय बदलायला मी म्हणाले, "वहीत असेल ना सगळं? बघू?"

घराची एक वही आहे. पट्टीएवढी लांब, तळहाताएवढी रुंद, पाठीला हिरवं कापड. पहिल्या मालकाने पहिल्या पानावर नियम लिहून ठेवला: जो इथे राहील त्याने घरात जे जे होईल ते लिहावं. कौल फुटलं, फरशी बदलली, दाराला नवं कुलूप बसवलं, सगळं. सव्वाशे वर्षांत हा नियम कोणी मोडला नाही. काम करणारा कारागीरही लिहितो. बाबा रोज संध्याकाळी त्या दिवसाचं काम लिहायचे आणि वही काचेच्या कपाटात परत कुलूपबंद करायचे. कपाटाच्या चाव्या दोनच. एक बाईंकडे, एक बाबांकडे.

मी कपाटापाशी गेले. कुलूप जागेवर होतं, काच शाबूत होती. आतल्या फळीवर धुळीत एक लांबट चौकोन होता, स्वच्छ.

वही नव्हती.

"बाई," मी म्हणाले, "वही कुठाय?"

बाईंनी कपाटाकडे पाहिलंच नाही. त्यांनी दाराकडे पाहिलं. तिथे बाबा उभे होते, हातात रंधा, अंगभर भुसा.

२

शुक्रवारी वारसा समिती येणार होती. घर जपायच्या यादीत घ्यायचं की नाही हे समिती ठरवणार, आणि जिने, खिडक्या, फरश्या मूळच्या आहेत याला पुरावा एकच होता. ती वही. यादीत गेलं की घराची एक वीटही हलवता येणार नाही. नाही गेलं, तर बाईंच्या भाच्याने शोधलेला बिल्डर तयारच होता.

समितीत इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांना सगळे सर म्हणतात. मंगळवारी ते आले, कपाटाला नाक लावून उभे राहिले आणि बाबांकडे न बघता म्हणाले, "कुलूप फोडलेलं नाही. चाव्या दोन. बाई स्वतःची वही चोरणार नाहीत. मी आरोप करत नाही, पण हिशोब सोपा आहे."

"शनिवारी संध्याकाळी लिहून ठेवली," बाबा म्हणाले. "जिन्यातली खिडकी पूर्ण, एवढंच. मग कुलूप लावलं."

"वही मिळेपर्यंत तुम्ही काम थांबवलेलं बरं. आणि वाचनालयाच्या दारांचं काम तुम्हाला देणार होतो, त्याचंही मग बघू."

बाबांनी मान हलवली. मला वाटत होतं त्यांनी टेबलावर मूठ आपटावी. त्यांनी कपाटाची चावी जुडग्यातून काढली, टेबलावर ठेवली आणि जिन्याखालची हत्यारांची पेटी उचलली.

घरी आई वाट बघत होती. बातमी आमच्या आधी घरी पोचली होती.

"वीस वर्षं लोकांच्या घरात काम करताय," आई म्हणाली. "कधी चमचा इकडचा तिकडे झाला नाही. आणि तुम्ही गप्प बसलात?"

"काय बोलणार? चावी माझ्याकडे होती."

"बोलायचं की मी नाही घेतली."

"न घेणारा काय वेगळं बोलतो?" बाबा म्हणाले. "घेणाराही तेच बोलतो."

ते ओट्यापाशी बसून पटाशा पुसत होते. एकेक पटाशी पुसायची, कापडात गुंडाळायची, पेटीत ठेवायची. रोजच्यासारखी नाही, तर आता बराच काळ लागणार नाही अशी. आई म्हणाली, "फर्निचरच्या कारखान्यात माझा भाऊ आहे. विचारते त्याला. तिथे निदान कोणाच्या चाव्या नसतात." बाबा म्हणाले, "विचार."

त्यांना प्लायवूडच्या फळ्या ठोकायला लावणं म्हणजे माझी टकळी बंद करण्यासारखं आहे. आणि त्याहून वाईट म्हणजे, आमच्या भागात यापुढे ज्याच्या घरात काही हरवेल त्याला बाबाच आठवणार.

शुक्रवारपर्यंत तीन दिवस होते. मी मनाशी म्हटलं, बोलण्यात मी पहिली आहे ना, मग जाऊन लोकांशी बोलते.

३

सरांच्या घरी मी बुधवारी शाळा सुटल्यावर गेले. त्यांनी दार उघडलं आणि सुताराची मुलगी बघून ते पुन्हा लावायच्या बेतात होते. मी पाय आत टाकला.

"सर, रविवारी तुम्ही बाईंकडे होतात. जाताना तुमची पिशवी टम्म फुगली होती. बसथांब्यावर लंबूटांगने पाहिलं."

सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ते आत गेले, पिशवी घेऊन आले आणि ती माझ्यासमोर उलटी केली. एक उशी खाली पडली. गोल, मध्ये भोक असलेली.

"पाठीसाठी," ते म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलंय. हे तुझ्या मैत्रिणीला सांगू नकोस."

मला हसू दाबताना ठसका लागला. त्यांनी पाणी दिलं आणि समोर बसताना गुडघा दोन्ही हातांनी धरून वाकवला. म्हातारी माणसं अशी बसताना दिसली की त्यांच्यावर संशय घेणं फार जड जातं.

"वहीचे फोटो का काढून ठेवले नाहीत?" मी विचारलं.

"तीनदा मागितली. पहिल्यांदा बाई म्हणाल्या उजेड कमी आहे. दुसऱ्यांदा म्हणाल्या उद्या. रविवारी म्हणाल्या, माझं डोकं दुखतंय. मला शेजारी बसून वाचू दिली, पण हातात दिली नाही. माझ्या टिपणांना समिती पुरावा मानत नाही." ते थांबले. "त्या वहीसाठी मी त्या घरात चार वर्षं चकरा मारतोय. वरचा मजला मी अजून पाहिलेला नाही. एक पायरी चढवत नाही मला."

"मग तुमच्या मते वही बाबांनी घेतली?"

"माझ्या मते," सर म्हणाले, "मी आता कुणाबद्दलही मत करायला दमलो आहे. पण दुसरं कोण उरतं, ते तूच सांग."

मी पाणी संपवलं आणि तिथूनच भाच्याचं ऑफिस गाठलं.

४

भाचा म्हणजे बाईंच्या बहिणीचा मुलगा. घरं विकून देणं हा त्याचा धंदा. त्याच्या ऑफिसच्या भिंतीवर चकचकीत इमारतींची चित्रं होती आणि त्यांखाली तो खुर्चीत अगदी मलूल होऊन बसला होता. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला हे एवढं बँडेज.

"ये, डिटेक्टिव्ह," तो म्हणाला. "माझ्याकडे अजून कशी आली नाहीस याचंच नवल वाटत होतं. घर पाडून फायदा कोणाला? मला. मग वही कोणी घेतली? मी. झालं?"

"घेतलीत का?"

"चावी कुठून आणू? मावशी मला डब्याची चावी देत नाही, कपाटाची देईल?" त्याने डोळे चोळले. "ऐक. मावशीला मी म्हटलं विकूया, ती म्हणाली बघू. सर म्हणाले यादीत घालूया, ती म्हणाली बघू. दोघांच्याही कागदांवर तिने अजून सही केलेली नाही. ती कुणालाच नाही म्हणत नाही. तिसरी ते दहावीपर्यंतच्या पोरांना मात्र धडाधड नाही म्हणायची."

"आणि बोटाला काय झालं?"

"सोमवारी सकाळी मापं घ्यायला गेलो होतो. जिन्यात घुसमटायला झालं म्हणून वळणावरची खिडकी वर सरकवली. पार वर नेली, हात काढतोय तोच एका बाजूने तिरकी झाली आणि धाडकन वीतभर खाली. नख काळंनिळं. तुझ्या बाबांना सांग, काम जरा नीट करत जा म्हणावं."

घरी येऊन मी हे बाबांना जसंच्या तसं सांगितलं. चोरीचं ऐकून न हललेले बाबा ताटावरून उठले.

"माझी खिडकी पडली?"

"त्याचं बोट सुजलंय, बाबा."

"शनिवारी मी ती वीस वेळा वर-खाली केली. बोटाने उचलली जात होती. सोडाल तिथे थांबत होती." आणि मग हळूच, जणू स्वतःलाच, "मी चोर असेन एक वेळ. पण माझी खिडकी पडत नाही."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे. सोमवारपासून त्यांचा आवाज पहिल्यांदा थोडा वर गेला होता.

आता ती खिडकी कशी चालते हे सांगायला हवं. तीन आठवड्यांपूर्वी एका रविवारी बाबांनी मला आणि बाईंना खिडकीचं पोट उघडून दाखवलं होतं. चौकटीच्या दोन्ही बाजूंना आत पोकळी असते. त्यात दोरीला लोखंडी वजनं टांगलेली. काच वर सरकवली की वजन खाली जातं आणि काचेला तोलून धरतं. चौकटीत प्रत्येक बाजूला खाली एक लाकडी झाकण असतं, दोन स्क्रूंचं. दोरी तुटली तर त्यातून हात घालायचा.

म्हणजे खिडकी पार वर नेल्यावर पडते तेव्हा वजनाने आपलं काम सोडलेलं असतं. दोरी तुटली तर ती कुठेही पडेल. फक्त वरच पडते म्हणजे वजन खाली येता येता मध्येच कशावर तरी टेकतं.

कशावर?

५

गुरुवारी शाळेला मधल्या सुट्टीतच दांडी मारली. बाई दिवाणखान्यात डुलक्या घेत होत्या. मी "बाबांची पट्टी राहिलीय" असं पुटपुटत जिना चढले. अठरा पायऱ्या, मग वळण, मग ती खिडकी.

खाली वाकून मी चौकटीचं झाकण पाहिलं आणि तिथेच पायरीवर बसले.

बाबांची एक सवय आहे. स्क्रू घट्ट बसला की ते डोक्यावरची खाच बरोबर उभी करून थांबवतात. त्यांच्या उस्तादांनी लावलेली शिस्त: आडव्या खाचेत धूळ बसते, पुसताना कपडा अडकतो. आमच्या घरातल्या दिव्यांच्या बटणांचे स्क्रूसुद्धा उभे आहेत. आई म्हणते, हा माणूस भांडताना पण आधी स्क्रू सरळ करेल. घरातल्या बाकीच्या अकरा खिडक्या मी खाली-वर जाऊन तपासल्या. बावीस झाकणं, चव्वेचाळीस खाचा, सगळ्या उभ्या.

या झाकणाच्या दोन खाचा तिरप्या होत्या. एक घड्याळात दहा वाजल्यासारखी, दुसरी दोन. आणि कडा ओरबाडलेल्या, जणू कोणी स्क्रूड्रायव्हर सोडून भलत्याच कशाने तरी झगडलं होतं. पातळ, मऊ पात्याच्या कशाने तरी. जे पिळताना वाकेल अशाने.

वही अजून हाताला लागायची होती, पण घेणारा मला कळला होता.

बाबांनी उघडलं असतं तर खाचा उभ्या असत्या. ते हत्याराशिवाय स्क्रूला हात लावत नाहीत. भाच्याने वही इथे लपवली असती तर याच खिडकीत त्याने स्वतःचं बोट घातलं नसतं. सर एक पायरी चढू शकत नाहीत. खिडकीला पोट असतं हे ज्यांनी पाहिलं होतं त्या तिघांत बाबा होते, मी होते, आणि तिसरी एक व्यक्ती होती. तिच्याकडे चावी होती. तिच्या स्वयंपाकघरातली लोण्याची सुरी वाकली होती.

कंपासपेटीतल्या स्टीलच्या पट्टीने स्क्रू फिरवून मी झाकण उघडलं आणि हात घातला. हिरवं कापड लागलं. उभीच्या उभी ठेवली होती, वरच्या कडेवर वजनाने पडलेला खळगा.

"सापडली?" खालून आवाज आला.

बाई पहिल्या पायरीवर उभ्या होत्या, कठड्याला धरून.

६

त्या अठरा पायऱ्या चढून आल्या. मध्ये तीनदा थांबल्या. मग माझ्या शेजारी पायरीवर बसल्या.

मला खूप बोलायचं होतं. भाषण तयार होतं. पण माझ्या तोंडून एवढंच निघालं, "बाबांनी हत्यारं गुंडाळून ठेवलीत, बाई."

"कळलं मला."

"तीन दिवस झाले."

"रोज सकाळी वाटायचं, आज सांगेन. दुपारी वाटायचं, उद्या." त्यांनी कपाळ कठड्याला टेकवलं. "सगळे म्हणतात, घर वाचवायचंय. कोणाला वाचवायचं? घराला. मी रोज सव्वीस दारं-खिडक्या लावते आणि सव्वीस उघडते. यादीत गेलं की मी इथून हलले तर लोक म्हणणार, बाईंनी टाकलं. बिल्डरला दिलं तर म्हणणार, बाईंनी पाडलं. माझ्या बहिणीच्या शेजारी दोन खोल्या रिकाम्या आहेत. लिफ्ट आहे. एक खिडकी आहे, बोटाने उघडते. मला तिथे जायचंय. वही नसली तर शुक्रवारी कुणालाच काही ठरवता येणार नाही, एवढंच मला सुचलं. या घरात पहिलं मरायचा मान नकोय मला."

"मग जाळून का नाही टाकलीत?"

त्यांनी मान वर केली. हा आवाज मात्र वर्गातला होता. "सव्वाशे वर्षं लिहिलेलं जाळायचं? मी मूर्ख आहे, रानटी नाही."

मला रागही येत होता आणि त्यांच्या पायातली जाड मोज्यांची जोडी बघून रडूही येत होतं. दोन्ही नको म्हणून मी वही उघडली.

पहिला मालक पूल बांधायचा. अकरा वर्षांनी त्याची नोंद संपते. शेवटची ओळ: 'आता दुसऱ्याने लिहावं.' मग डॉक्टरांचं बारीक अक्षर, तेवीस वर्षं. वरच्या खोलीत बाळंतिणींचे पलंग, तडा गेलेल्या फरश्या. शेवटी तेच: 'आता दुसऱ्याने लिहावं.' त्यांच्यानंतर बाईंचे आजोबा, छापखानावाले. मग वडील. मग बाई. मी पानं पुढे-मागे केली.

"तुमच्या आजोबांनी ही ओळ लिहिलीच नाही. वडिलांनीपण नाही."

"बघू." बाईंनी चष्मा लावला. तीच पानं पुन्हा उलटून पाहिली. मला वाटतं, ती वही त्यांनी आयुष्यभर लिहिली होती, पण मागून पुढे कधी वाचली नव्हती.

"पहिले दोघं लिहून निघून गेले," मी म्हणाले. "आणि घर तर पडलं नाही. तुमच्या घरातल्यांनीच फक्त सोडायचं कसं ते लिहून ठेवलं नाही."

खाली रस्त्यावरून बस गेली आणि खिडकीची काच जराशी थरथरली.

मग त्या म्हणाल्या, "तू ठरव. कपाटामागे पडली होती म्हण, मी हो म्हणेन. बाईंनी लपवली म्हण, तरी हो म्हणेन. नाही म्हणायची ताकद नाही राहिली माझ्यात."

कपाटामागे पडली म्हटलं असतं तर बाई सुटल्या असत्या. पण लोक म्हणाले असते, सुताराने घाबरून परत ठेवली. आणि शहात्तर वर्षांच्या बाईंना चोर म्हणून सगळ्यांसमोर उभं करायचं, ज्यांनी त्या सगळ्यांचे कान पिळलेत, तेही माझ्या तोंडून? कधी नव्हे ते मला बोलावंसं वाटेना.

"मी नाही ठरवणार," मी म्हणाले. "नियम वहीत आहे. घरात जे होईल ते राहणाऱ्याने लिहायचं. लिहा."

आणि कंपासमधलं माझं पेन त्यांच्या हातात दिलं.

७

संध्याकाळी आई-बाबा दोघंही स्वयंपाकघरात होते. आईने मामाला विचारलं होतं, सोमवारपासून कारखान्यात या म्हणून निरोप आला होता. बाबांसमोर चहा निवत होता.

मी वही टेबलावर ठेवली आणि शेवटचं पान उघडलं. बाईंचं अक्षर अजून फळ्यावरच्यासारखं सरळ आहे:

'रविवारी दुपारी ही वही मी जिन्यातल्या खिडकीत लपवली. लोण्याची सुरी वाकली. खिडकीचं काम उत्तम झालं होतं, ती माझ्यामुळे बिघडली. सुतारांना मी तीन दिवस चोर ठरू दिलं, ते या घरात झालेलं सर्वांत वाईट काम. आता दुसऱ्याने लिहावं.'

खाली सही. तारीख.

आईने दोनदा वाचलं आणि पदराने नाक पुसलं. बाबांनी एकदाच वाचलं. 'खिडकीचं काम उत्तम' या शब्दांवर त्यांचं बोट थांबलं आणि तिथेच राहिलं.

"मग आता घराचं काय?" आई म्हणाली.

"वही मिळाली, म्हणजे घर यादीत जाऊ शकतं. बाई बहिणीकडे जातील. पुढे कोण लिहील ते पुढे. सही करायची की नाही ते त्या उद्या स्वतः सांगणार आहेत."

"आणि ही वही घेऊन तू इथे कशी?"

"बाईंनी दिली. म्हणाल्या, समितीसमोर त्यांना वाचता येणार नाही, आवाज फुटणार नाही." मी श्वास घेतला. "म्हणून मी ठरवलंय. विचारत नाहीये, सांगतेय. उद्या मी शाळेत जाणार नाही. बाबा, तुम्ही हत्यारांची पेटी सोडवा आणि माझ्याबरोबर चला. सरांसमोर, भाच्यासमोर, समितीतल्या सगळ्यांसमोर हे पान मी मोठ्याने वाचणार आहे, आणि तोपर्यंत बाई माझ्या शेजारी खुर्चीवर बसणार आहेत, मागे नाही. आई, मामाला कळव की सोमवारी कोणी येत नाही. आणि बाबा, ते दोन स्क्रू मी तसेच तिरपे ठेवलेत. माझं वाचून झालं की ते तुम्ही सरळ करायचे."